अंदमानात अडकलेलं तिकीट

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. शिवणाच्या डब्यात बटणं जमतात तसे ते जमतात. कुठलं बटण कुठल्या झब्ब्याचं ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. आमच्या गुरुवारच्या मंडळाचा असा एक डबाच माझ्याकडे आहे. मंडळ आता पांगलं. शलाका जर्मनीला गेली, वर्षा नव्या मुंबईत. तरी सिंगापुरात, क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये गुरुवारी संध्याकाळचे सहा वाजले की माझा हात आपोआप चार कपांकडे जातो.

सुरुवात झाली मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. महालक्ष्मीची पूजा मांडली होती आणि हळदीकुंकवाला तिघींना बोलावलं होतं. शलाका इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक संशोधक, आमच्याच ब्लॉकमध्ये खोली घेऊन राहायची. वर्षाचा नवरा मरीन इंजिनिअर, घरात कमी आणि बोटीवर जास्त. आणि मालतीकाकू मिरजेच्या, काका गेल्यावर मुलाकडे, निरंजनकडे, राहायला आलेल्या. काकू दारातच थांबल्या. "मी कशाला गं हळदीकुंकवाला?" म्हणाल्या. मी हाताला धरून आत आणलं. देवीला कोण चालतं नि कोण नाही, हे ठरवणारे आपण कोण!

बोलता बोलता शलाका म्हणाली, की ती अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेते. महागले की विकायचे म्हणून नाही, तर डिव्हिडंडसाठी. कंपनीला नफा झाला की दर तीन महिन्यांनी थोडा वाटा आपल्या खात्यात येतो.

काकूंनी प्रसादाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे गाय विकायची नाही, दूध विकायचं?"

"अगदी तसंच, काकू!"

काकूंनी वाटी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "मिरजेला माझी अक्का आहे. वर्षातून एकदा तिच्याकडे जाऊन यावं असं फार वाटतं. निरंजनला म्हटलं तर तो नाही म्हणणार नाही. पण मला मागायचं नाहीये."

काकांच्या मागे आलेले थोडे पैसे आणि दर महिन्याची फॅमिली पेन्शन, एवढं काकूंजवळ होतं. त्या दिवशी ठरलं. वर्षभराचा डिव्हिडंड एका जाण्यायेण्याच्या तिकिटाइतका व्हायला हवा. आम्ही तिघीही आपापलं थोडं थोडं घेणार होतो, पण मंडळाचा संकल्प म्हणाल तर तो काकूंच्या तिकिटाचा!

* * *

पहिली अडचण माझीच. दारू, तंबाखू आणि मांस विकणारी कंपनी नको, असं मी आधीच सांगितलं. शलाका यादी करायची आणि मी त्यातली नावं खोडायची.

"वहिनी, आता फक्त साबण आणि वीज उरली," शलाका म्हणाली.

"मग तीच घेऊ. दोन्हींशिवाय घर चालत नाही!"

काकूंचा मात्र शलाकाच्या आकड्यांवर विश्वास नव्हता. त्या रोज खालच्या सुपरमार्केटात जाऊन टूथपेस्टच्या रांगेसमोर उभ्या राहायच्या. कोण कुठली पेस्ट उचलतं ते डायरीत टिपायच्या. चौथ्या दिवशी तिथे काम करणारा चिनी काका जवळ आला आणि त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आंटी, यू बाय ऑर नॉट लाह?"

काकू ताठ उभ्या राहिल्या. "टूथपेस्ट नो. आय बाय कंपनी!"

तेव्हापासून तो काकूंना 'बॉस' म्हणायला लागला. एकदा वर्षा तिथे गेली, तर तिला विचारत होता म्हणे, "बॉस नॉट कमिंग टुडे?"

* * *

पहिला डिव्हिडंड आला त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. शलाकाने खातं उघडलं, तर रक्कम ठरल्यापेक्षा कमी!

"अमेरिकेचं सरकार तीस टक्के आधीच कापून घेतं," ती म्हणाली.

"तीस?" काकू उठून उभ्याच राहिल्या. "अगं, आमचा गिरणीवालासुद्धा पीठ मारतो, पण इतकं नाही!"

वर्षा शांतपणे चहा पीत होती. "त्यात काय एवढं, काकू? माझा नवराही तिमाहीला एकदाच येतो, आणि आला की तीस टक्के झोपेतच जातो!"

मला जे दोन-तीन डॉलर मिळाले होते, त्यांचा दुसऱ्या दिवशी लिटिल इंडियातून मोगऱ्याचा गजरा आणला आणि देवीला वाहिला. अमेरिकेतल्या साबणाचा गजरा! तिने गोड मानून घेतला असणार. मला तरी त्या दिवशी ती हसल्यासारखी वाटली.

* * *

आता तिकीट कुठवर आलं हे काकूंना आकड्यात सांगून कळेना. शलाकाने युक्ती काढली. माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तिने नकाशा चिकटवला. सिंगापूर ते मुंबई एक रेघ मारली आणि रेघेवर एक लाल टिकली लावली. वर्षभराचा डिव्हिडंड तिकिटाच्या जितका जवळ, तितकी टिकली मुंबईच्या जवळ.

पहिल्या वर्षाच्या शेवटी टिकली जेमतेम जोहोरचा पूल ओलांडून मलेशियात शिरली होती.

"इथवर तर लोक भाजी आणायला जातात!" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी पेनांग आलं. काकू आल्या की चपला काढायच्या आणि थेट कपाट उघडायच्या. आमचे हे एकदा चहाची साखर शोधत होते. नकाशा बघून मला म्हणाले, "काकू पाण्यात पडणार आता. पुढे समुद्र आहे!"

* * *

माझ्या हातून मोठी चूक झाली ती याच वर्षी. एक वीज कंपनी घ्यायची ठरली होती. शलाका म्हणाली, "आजच ऑर्डर टाकू. उद्यापासून जो घेईल त्याला या वेळचा डिव्हिडंड नाही."

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अमावस्या!

"आज नवी खरेदी नको गं."

"वहिनी, कॅलेंडर पुण्याचं, आपण सिंगापुरात, बाजार न्यूयॉर्कचा. ही अमावस्या नक्की कुणाची?"

माझं मन मात्र धजेना. शलाका बिचारी थांबली. डिव्हिडंड हुकला आणि काकूंची टिकली तिमाहीभर जागची हलली नाही. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. शेवटी पुण्याला आमच्या गुरुजींना फोन केला. सगळं सविस्तर सांगितलं आणि विचारलं, "न्यूयॉर्कच्या खरेदीला आपली अमावस्या धरायची का हो?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, पंचांग बघताहेत.

मग गुरुजी हळूच म्हणाले, "ताई, ते मी बघून सांगतो. पण ही कंपनी देते किती टक्के?"

* * *

चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं. त्या वर्षी मी शेअरचे भाव बघणं सोडलं. दिवसातून दहादा फोन उघडायची खोड लागली होती आणि जप करतानाही डोळ्यांपुढे हिरवे-लाल आकडे यायचे. म्हटलं, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत भाव बघायचे नाहीत आणि ऐकायचेही नाहीत. गुरुवारी शलाका भाव वाचायला लागली की मी पोहे परतायला आत जायची.

मधल्या काळात बाजार जोरात पडला म्हणे. म्हणे, कारण मला पत्ताच नाही! आमचे हे चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या ऑफिसात. रोज घरी यायचे ते पडलेल्या चेहऱ्यानेच. मला वाटायचं, पोट बिघडलंय. मी त्यांना ताक द्यायची.

कार्तिकी एकादशीला देवापुढे बसून फोन उघडला. भाव होते तिथेच, उलट चार आणे वरच. मी म्हटलं, "अहो, काहीच झालं नाही की!"

हे उठून आत गेले. घाबरून त्यांनी आपले सगळे शेअर श्रावणातच विकले होते. फराळाला बसल्यावर मात्र साबुदाण्याच्या खिचडीकडे बघत विचारलं, "पुढच्या वर्षी चातुर्मास कधी लागतो गं?"

* * *

तिसऱ्या वर्षी टिकली अंदमानाला टेकली. काकूंनी पेढे वाटले. आणि पुढच्याच महिन्यात, ज्या कंपनीवर काकूंची सगळ्यात जास्त मदार होती, तिने डिव्हिडंड निम्म्यावर आणला.

शलाकाने टिकली मागे सरकवायला हात उचलला, तर काकूंनी तो धरला. "राहू दे गं तिथेच. जन्मठेप झाली म्हणायची. काळं पाणी!"

आम्ही हसलो. त्याही हसल्या, पण त्या गुरुवारी चहा अर्धा ठेवून गेल्या.

मग निरंजनला कळलं. मुलगा चांगला, मायाळू. तो म्हणाला, "आई, विकून टाक सगळं. कशाला डोक्याला ताप? तिकीट मी काढतो, आत्ता काढतो!"

पुढच्या गुरुवारी काकूंनी आम्हाला हे सांगितलं. वर्षा म्हणाली, "मग जा ना, काकू. अक्का वाट बघताहेत. मुलगाच देतोय, परका थोडाच आहे?"

"देतोय गं. पण दर वर्षी अक्काची आठवण आली, की मी त्याच्या तोंडाकडे बघायचं. आज बरा आहे का, ऑफिसात काही झालंय का, आज विचारू की उद्या." काकू कपाटाकडे बघत होत्या. "अक्काची आठवण मला वेळ बघून येत नाही."

वर्षाने त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला. काकूंनी विकलं नाही.

* * *

आता आमचं पाप सांगते. मे महिन्यात आम्ही तिघींनी काकूंच्या नकळत थोडे थोडे पैसे काढले आणि काकूंच्या खात्यात भरले. काकू स्वतः खातं उघडत नसत, शलाका वाचून दाखवायची. तिने चेहरा सरळ ठेवून वाचलं, "साबणवाल्यांचा डिव्हिडंड आला, काकू. या वेळी भरपूर दिलाय!" टिकली बोटभर पुढे सरकली. मी देवाची मनातल्या मनात क्षमा मागून ठेवली होती.

काकूंनी चष्मा लावला. "साबणवाले मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरला देतात. मे महिन्यात कसे काय दिले त्यांनी?"

शलाका माझ्याकडे बघते, मी वर्षाकडे, वर्षा चहाच्या कपात.

"ह्यांच्या तिथीइतक्या त्या तारखा मला पाठ आहेत, पोरींनो!"

पुढच्या गुरुवारी प्रत्येकीला एकेक पाकीट मिळालं. आत आमचे पैसे, पैशांवर एक सुपारी. काकूंनी स्वतः उठून टिकली बोटभर मागे नेली. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "सुमन, तुला खोटं बोलायचं व्रत जमायचं नाही हो."

* * *

चौथं वर्ष सरता सरता टिकली मुंबईला पोचली. कसं म्हणाल तर काही चमत्कार नाही. काकूंनी दर महिन्याच्या पेन्शनमधून थोडं घेत राहायचं, पहिली तीन वर्षं आलेला डिव्हिडंड परत त्यातच घालायचा, एवढंच. चौथ्या वर्षीच्या डिव्हिडंडातून शलाकाने तिकीट काढलं तेव्हा मी उदबत्ती लावली आणि वर्षाने बोटीवरच्या नवऱ्याला फोन लावून उगाच ओरडून सांगितलं.

चांगी एअरपोर्टवर निरंजन बॅग ओढत पुढे चाललेला. जरा हिरमुसलेलाच होता. म्हणाला, "आई, मला काहीच करू दिलं नाहीस."

"असं कसं? टॅक्सीचे तूच दिलेस की. तेवढं मुलाने करायलाच हवं!"

* * *

दोन दिवसांनी गुरुवारी मिरजेहून व्हिडिओ कॉल आला. आम्ही तिघी एका फोनवर डोकी जुळवून बसलो. काकू कॉटच्या कडेला बसल्या होत्या आणि कॉटवर अक्का. एक्क्याऐंशीच्या, काठीसारख्या बारीक, आवाज मात्र खणखणीत.

"अक्का, ह्या माझ्या मैत्रिणी. ह्यांनीच मला शिकवलं."

अक्कांनी आमच्याकडे बघितलंही नाही. त्या काकूंवर रागावलेल्या होत्या. "चार वर्षं? चार वर्षं लागतात होय गं, विमानाला?"

काकूंनी मग त्यांना सगळं सांगितलं. अमेरिकेत कंपन्या असतात, त्यांच्यात आपण पैसे ठेवायचे, आपण हात लावायचा नाही, मग त्या दर तीन महिन्यांनी थोडे थोडे पाठवतात. पैसे थोडे ठेवले तर थोडे येतात आणि वेळ लागतो. जास्त ठेवले की लवकर जमतात. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. आम्हाला वाटलं, झोपल्या.

मग त्यांनी उशी ओढून मांडीवर घेतली. अभ्र्याची गाठ सोडायला बराच वेळ लागला. काकू मदतीला गेल्या, तर त्यांचा हात बाजूला सारला. आतून रबर लावलेली नोटांची पुरचुंडी काढली आणि ती काकूंच्या हातात कोंबली.

"हे पण ठेव त्यांच्याकडे," अक्का म्हणाल्या. "आणि पुढच्या खेपेला लवकर ये."