बोटाचा वास

माझी मुलगी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलते आणि माझ्या थोरल्या जावेशी अहिराणी. मला हे कधीच आवडलं नाही. जावेला सगळे अक्का म्हणतात, मुलगी मात्र मोठीमाय म्हणते, आणि त्यात 'माय' आहे, हेही माझ्या पोटात दुखायचं एक कारण.

आमचं घर सोनगीरजवळच्या एका खेड्यात. ओटा एक, स्वयंपाकघरं दोन. गावच्याच हायस्कूलमध्ये मी शिकवते. बाळंतपणाची रजा संपली त्या दिवशी लेकीला अक्कांच्या मांडीवर ठेवलं आणि घंटेवर शाळा गाठली. अक्कांना दोन मुलगे, मुलगी नाही. मग काय, आयतीच मिळाली.

लेकीला पहिले दात येत होते तेव्हा एकदा घरी आले तर अक्का तिच्या हिरड्यांना मशेरी चोळत होत्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली, बोटानं दातांना लावायची, ती. मी घर डोक्यावर घेतलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "बठ्ठा पोरेस्ले लावतस. काय व्हस त्याले?" सगळ्याच पोरांना लावतात, त्यात काय एवढं, असा सूर.

शाळेत तंबाखूबंदीचं काम माझ्याकडेच. फाटकासमोरची पानटपरी मी हटवली, त्यासाठी टपरीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. पोस्टर स्पर्धा घेतल्या, शपथा दिल्या, मुलांची दप्तरं उपसून पुड्या काढल्या. सगळं लक्ष मुलांवर. मुली तंबाखू खात नाहीत, हे आम्ही धरूनच चाललो होतो. आणि मशेरीला आमच्याकडे कोण तंबाखू म्हणतं? ते तर दात घासणं. दुपारची कामं उरकली की आमच्या ओट्यावर चार-पाच बायका मशेरी लावत बसत, त्यांच्यात माझी लेकही बसे. मी पिशव्या सांभाळत घरी आले की गप्पा थांबत. मला वाटायचं, मी मास्तरीण म्हणून थांबतात.

लेक नववीत होती तेव्हा शाळेत दातांची तपासणी झाली. धुळ्याहून डॉक्टर आले होते. मी नावं पुकारत त्यांच्या शेजारीच उभी होते. लेकीची पाळी आली. त्यांनी तिचा खालचा ओठ ओढून बॅटरी मारली. आत पांढरट, खरखरीत डाग होता.

"मशेरी कधीपासून लावतेस?"

"सातवीपासून. दाढ दुखायची म्हणून."

ती माझी मुलगी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हिनं आत्ता सोडली तर हा डाग जाईल बहुतेक. नाही सोडली तर पुढे काय होईल, सांगता येत नाही. घरच्यांना कळवा."

आईला अशा वेळी भीती वाटायला हवी. ती मला नंतर वाटली, रात्ररात्र वाटली. पण त्या क्षणी मनात आलं ते वेगळंच. दोन वर्षं हिचं आणि अक्कांचं एक गुपित होतं. दाढ दुखते हे तिनं मला सांगितलंच नव्हतं. ती अक्कांकडे गेली होती.

घरी जाऊन मी ओट्यावरच्या सगळ्या बायकांसमोर अक्कांना नाही नाही ते बोलले. "माझ्या पोरीचं तोंड सडवलंत तुम्ही," इथपर्यंत गेले.  अक्कांनी लेकीला उजेडात ओढलं, ओठ खाली करून बराच वेळ पाहिलं. मग आत गेल्या, डबी आणली आणि सगळी मशेरी बंबाच्या जाळात ओतली. धुरानं आम्ही सगळ्या खोकत सुटलो.

"आजपाईन मन्ही बी बंद, तुन्ही बी बंद," त्या लेकीला म्हणाल्या.

अक्कांची सवय लग्नाआधीची. त्यांचे हाल हाल झाले. डोकं ठणके, सकाळी पोट साफ होईना, म्हशीवरसुद्धा खेकसत. लेकही चिडचिडी झाली, एकदा वही माझ्या अंगावर भिरकावली. पण दोघी हटल्या नाहीत. तलफ आली की भाजलेली बडीशेप तोंडात टाकत. आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकींच्या उजव्या हाताच्या बोटाचा वास घेत. मशेरी लावली की वास बोटाला धरतो, साबणानंही लवकर जात नाही म्हणे. भिंतीवर कोळशाची रेघ मारून दिवस मोजत. भाकरी थापता थापता मला दिसायचं, ही बोट पुढे करतेय, त्या डोळे मिटून हुंगताहेत, मग दोघी खिदळताहेत.

माझी मुलगी बरी होत होती आणि मला ते बघवत नव्हतं. इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, आणि सोडवली कुणी, तर जिनं लावली तिनं! एकदा मीही म्हटलं, "दाखव बोट." तिनं डॉक्टरांपुढे धरावं तसं बोट माझ्यापुढे धरलं. मी हुंगलं. कशाचा वास शोधायचा, हेच मला कळलं नाही.

चाळिसेक रेघा झाल्या असतील. एका रविवारी दुपारी गोवऱ्या आणायला गोठ्यामागे गेले, तर कडब्याच्या आडोशाला अक्का बसलेल्या. डाव्या तळहातावर काळी चिमूट, उजव्या हाताचं बोट तोंडात. मी पावलांचा आवाज न करता मागे फिरले.

खरं सांगते, मला आनंद झाला. स्वयंपाकघरात येऊन मी गूळ तोंडात टाकला, इतका आनंद.

हे लेकीला सांगितलं तर काय होईल, ते मला चांगलं ठाऊक होतं. तिचं सोडणं सगळं अक्कांच्या भरवशावर उभं होतं. सोबत सोडणारं माणूस घसरलं हे मुलांना कळलं की मुलंही घसरतात, हे पालकसभेत मीच बजावत असे. ओठातला डाग अजून पुरता गेला नव्हता. म्हणून त्या दिवशी गप्प बसले. पण सोमवारी सकाळी दोघींची पुन्हा तीच बोटं, तेच खिदळणं. बाईनं बोट राखेनं घासून पोरीला फसवलं, असं वाटून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी लेक अभ्यासाला बसली तेव्हा मी शेजारी जाऊन बसले.

"तुझी मोठीमाय चोरून मशेरी लावते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काल, गोठ्यामागे."

तिनं पेनाला टोपण लावलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तिनं कालच सांगितलं मला. भिंतीवरच्या रेघा पुसून आम्ही आज परत एकपासून सुरुवात केली."

"आम्ही म्हणजे? तूपण लावलीस?"

"नाही गं. पण माझ्या तेवढ्या रेघा आणि तिची एकच, मग ती एकटी पडली असती."

 मी उगाच तिची पुस्तकं सारखी करायला लागले. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू पाहिलंस, हेही तिला माहीत होतं, कडब्यावर तुझी सावली दिसली होती तिला. मी म्हटलं, आई आता येऊन मला सांगेल बघ. तर ती चिडली माझ्यावर. म्हणाली, 'ती नही सांगाव तुले. तुन्ही माय तशी नही शे.'"