आवाज ठेव, बाई काढ

"थांब," मी बोलले. हात वर केला. आणि माझी काकी गाता गाता थांबली.

सकाळची वेळ, खाडीकाठच्या जुन्या बंगल्यापुढची हिरवळ. नवरीला हळद लागत होती. काकी पाटाशेजारी उभी राहून धवला म्हणत होती. आणि नवरीची आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हिला थांबव. ड्रोन अजून वर गेला नाही. आणि जरा मागे घे तिला, फ्रेम खराब होतेय."

फ्रेम खराब. कुणामुळे, तर माझ्या काकीमुळे. आणि मी काय केलं? हात वर केला.

मी लग्नाचे फोटो काढते, फिल्म बनवते. सारसोळ्याची कोळीण. पण कामाच्या ठिकाणी सांगायचे सानपाड्याची. फ्लॅट आहे तिथे, खोटं काही नाही. 'पानी'चं 'पाणी' करून घेतलं, 'हाय'चं 'आहे' केलं, पार घासूनपुसून टाकलं सगळं. गिऱ्हाईकाला कळू नये, बस्स.

काकी आमच्या गावची धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. आमच्यात लग्न तिच्या गाण्याने लागतं. ती देवांना बोलावते, मग दोन्ही घरांतली मेलेली माणसं नाव घेऊन मांडवात बोलावते. एकदा सुरू केलं की तोडत नाही. एका लग्नात मांडवाचा बांबू कोसळला, लोक पळाले, ही जागची हलली नाही. हे मला लहानपणापासून माहीत. दुसऱ्या कुणी थांबवलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. मी अडाणी नव्हते.

आणि तिला तिथे आणली कोणी? मीच. नवरीच्या आईने कुठेतरी व्हिडिओ बघितलेला. तिला हळदीत 'लोकल टच' पाहिजे होता. मी लगेच पुढे, म्हणाले मी बघते. तेवढंच माझं वजन वाढेल.

काकीला बंगला कुठला ते मी आधी सांगितलं होतं. तो मिठागराच्या मालकाचा बंगला. तरुणपणी काकीने त्याच मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलेलं. पायांना चिरा पडायच्या, त्यात मीठ जायचं. मजुरांनी फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही, पाणीसुद्धा बाहेर. आता तिथे लग्नं होतात. तर काकी त्या दिवशी नवं लुगडं नेसून, वेणी माळून, पहिल्यांदा त्या फाटकातून आत आली. ताठ चालत आली. मी बघितलं आणि लेन्स बदलत बसले.

आत आल्यावर नवरी तिच्या पाया पडली. चांगली पोर. तिचे वडील वारलेले. तिने हळूच काकीला त्यांचं नाव सांगितलं, तेही घ्याल का म्हणाली. काकीने तिच्या गालावरून हात फिरवला.

मी थांबवलं तेव्हा देव बोलावून झाले होते. आता माणसांची नावं येणार होती.

ड्रोन वर गेला. काकीला दहा पावलं मागे, कुंड्यांच्या आड उभी केली. मीच केली. "ओ मावशी, इथे," असं म्हणाले. काकीला! नवरीच्या आईने विचारलं, "ओळखीची आहे का तुझ्या?"

"गावातली आहे कुणीतरी," मी बोलले.

आमच्यापासून चार पावलांवर काकी उभी होती. तिने ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून गायली, पण नावांपर्यंत पोचायच्या आत बास झालं म्हणून सांगितलं गेलं. डीजे लागला. नवरी मान वळवून बघत राहिली. काकी न जेवता निघून गेली. मी मागे गेले नाही. नवरदेवाच्या मित्रांचे फोटो घ्यायचे होते ना. शेण खाल्लं मी, दुसरा शब्द नाही.

आठवड्याने नवरीच्या आईचा फोन. फिल्मचा पहिला कट आवडला होता, फक्त एक बदल.

"गाणं छान वाटतंय. आवाज ठेव, बाई काढ."

काढली. दुपारभर बसून काढली. बंगला, कमानी, खाडी, हळदीचे हात, आणि वरून काकीचा आवाज. माणूस नाही. सलग बघितलं. मिठागराच्या मालकाला तरी कधी जमलं होतं का हे? त्याने बाईला फाटकाबाहेर ठेवलं, तिचा आवाज नाही घेतला.

तशीच उठून सारसोळ्याला गेले. काकी ओट्यावर जवळा निवडत होती. मी बसले. तिने वर बघितलं नाही. निवडता निवडताच बोलली.

"तू थांब बोललीस म्हनून थांबले. दुसऱ्या कुनासाठी थांबले नसते."

मग म्हणाली, "त्या पोरीनं बापाचं नाव दिलेलं मला. घ्यायचं राहिलं. आता हलद लागून गेली. आता नाय घेता येत."

चहा विचारला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडलं.

घरी येऊन मी फिल्म पुन्हा उघडली आणि काकीला परत ठेवली. पाटाशेजारी, होती तिथे. ती गाते. मग कडेने माझा हात येतो, माझं "थांब" ऐकू येतं, आणि ती गप्प होते. तो हात मी कापला नाही. नवरीच्या आईला फोन करून सांगितलं, "ती बाई माझी काकी आहे. फिल्म अशीच मिळेल." ती म्हणाली, अशाने कामं मिळणार नाहीत. फिल्म मी नवरीलाच पाठवली. सोबत लिहिलं, तुझ्या वडिलांचं नाव माझ्यामुळे राहिलं.

तिचं उत्तर आलेलं नाही. त्या बंगल्यावर मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. काकी अजून माझ्यासमोर गात नाही. बरोबर आहे तिचं.

पण आता काम घेताना मी आधीच सांगते. मी सारसोल्याची कोलीन. धवला सुरू झाला की माझा हात वर होनार नाय. आणि दुसऱ्या कुनाचा झाला, तर सगल्यांच्या देखत मी तो खाली करीन.