मिठावरचे गमबूट

मे महिन्यात नरडाण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून मी बर्फ वितळवायचं मीठ सांभाळत होते. हे मीठ गुजरातहून ट्रकने यायचं, आमच्याकडे चाळून पोत्यांत भरलं जायचं आणि उत्तरेकडच्या डोंगरी रस्त्यांवर बर्फ पडायच्या आधी पोचायचं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. यावलला केळीच्या बागेत राबून वडिलांनी मला बी.एस्सी. केलं होतं. शेजारीपाजारी त्यांना विचारायचे, "शिकून पोरगी मीठ राखते म्हणे?" वडील म्हणायचे, "राखते ना, डोंगराएवढं."

रुजू झाले त्याच दिवशी सगळ्यांत वयस्क कामगार नानांनी मला विचारलं, "ताई, तुम्हीन बरफ देखेल शे का?"

"फ्रिजमधला."

"मंग आपन बठ्ठा सारखाच," म्हणत ते खूश झाले; खरा बर्फ तिथे कुणीच पाहिला नव्हता.

कामगार माझं सगळं ऐकायचे. ढीग पत्र्याला टेकवायचा नाही, पत्रा गंजतो. पावसाआधी शेडभोवती चर खणायचा, म्हणजे खारं पाणी शेजारच्या कपाशीत जाणार नाही. खालून उकरायचं नाही, वरचा घट्ट थर अंगावर येतो. म्हणून वर चढून पहारीने तो आधी फोडायचा. सगळं कबूल. फक्त गमबूट नामंजूर. शेडच्या दाराशी चपला देवळासारख्या ओळीने सुटायच्या. प्रत्येकजण मिठाला हात लावून तो कपाळाला न्यायचा आणि अनवाणी वर चढायचा.

नानांच्या टाचांना भेगा होत्या. त्यांत मीठ जाऊन टाचा लाल झाल्या आणि ते लंगडू लागले. मॅनेजरसाहेबांनी ते पाहिलं आणि मला बजावलं, "सोमवारपासून बुटाशिवाय कोणी ढिगावर नको. नाना ऐकत नसतील तर त्यांना घरी पाठवा." नानांचं गाव सायकलच्या अंतरावर होतं. या वयात दुसरीकडे त्यांना कामावर कोण घेणार होतं?

मी त्यांना समजावायला बसले. "नाना, हे खायचं मीठ नाही. तिकडे ते रस्त्यावर टाकतात, वरून ट्रक जातात."

"तठे तो रस्ता शे, ताई. आठे ते मीठ शे. खळामा कोनी जोडा घालीसन जास का?"

पोती शिवणाऱ्या अक्का हसल्या. "ताई, आधी तुम्हीच चढा ना बूट घालून! आम्ही बघतो."

मी ताठ मानेने बूट चढवले आणि ढिगाशी गेले. पाय उचलला, पण तो खाली टेकेना. घरी मीठ सांडलं की आई ओल्या बोटाने एकेक कण टिपून घ्यायची, तेच डोळ्यांपुढे आलं. शेवटी बूट काढले. सगळी शेड हसली. नाना तर पहारीला टेकून हसत होते. "ताई आपलीच शे!"

मग मी मिठाला हात लावून अनवाणीच वर चढले. नव्या सँडलने टाचेला फोड आणला होता. तो असा झोंबला की मी ओरडतच खाली आले. अक्कांनी पायावर पाणी ओतलं. नाना म्हणाले, "बूटवर मना राग नही, ताई. पन तो बाहेर कोठे कोठे फिरी येस!"

एवढंच होतं तर! नवे बूट मागवले. दाराच्या आत चुन्याची रेघ ओढली आणि ठरवलं, हे बूट रेघेबाहेर कधीच जाणार नाहीत. अक्कांनी ते धुतले, वर हळदकुंकूही वाहिलं. नानांनी आपल्या जोडीला नमस्कार केला, पाय आत घातले आणि चार पावलं टाकून म्हणाले, "म्हैसना पाय लागनात माले."

सोमवारी साहेब तरातरा आत आले. नाना ढिगावरून बुटांसकट उतरले आणि रेघेशी आडवे उभे राहिले.

"सायेब, जोडा तठेच ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. त्यांनी नानांच्या पायांतल्या बुटांकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं, मग खाली वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. रेघेच्या आत गमबुटांची उरलेली एकच जोडी अक्कांची होती. ती साहेबांच्या पायात अर्धीच गेली.

"जाऊ द्या, सायेब," अक्का म्हणाल्या, "सावकाश चाला, मीठ कुठे पळत नाही."