पुरवणी जोडताना

आमच्या ग्रंथालयात कोणतीही गोष्ट आधी समारंभ म्हणून होई आणि मग काम म्हणून. पंखा बदलला तरी नारळ. दोन हजार आठच्या सुमारास पुस्तकांची यादी जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर न्यायचं ठरलं, तेव्हा पत्रिका छापून झाल्यावर मला बोलावणं आलं. पत्रिकेत ‘ग्रंथसूचीचे स्थलांतर’ मोठ्या अक्षरांत होतं आणि सगळ्यात खाली ‘जुना संगणक शाळेस प्रदान’.

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी ग्रंथालयाचा सभासद होतो. दुसऱ्या कारणामुळे पहिलं काम फुकट असे.

यादीचा प्रोग्रॅम फार जुना होता, नव्या विंडोजवर चालायला तयार नव्हता. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्याच्यासाठी कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा केला होता. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याचंही तेव्हा रीतसर उद्घाटन झालं होतं. आपण खोटे आहोत हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे तो इमानाने काम करतो. त्याची हार्डडिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक भली मोठी फाईल.

यादी भरायचं काम आमच्या ग्रंथपालांचं. त्या गडहिंग्लजकडच्या, घरात कानडी, बाहेर कोल्हापुरी. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो आणि त्या मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. रोज पुस्तकांची चळत समोर घेऊन त्या एकेक नोंद करत. शेऱ्याच्या रकान्यात मोकळेपणाने लिहीत: ‘शेवटची चार पानं नाहीत. कोण मेलं ते मला विचारावं.’ महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. मागे ही यादीच राहणार होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मी ती मोठी फाईल नव्या कॉम्प्युटरवर आणली. तिथे खोटे कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था दुसऱ्या कंपनीची होती, म्हणून फाईल तिच्या पद्धतीची करून घेतली. सुरू केलं तर निळा पडदा. याचं मला काही वाटलं नाही. नव्या व्यवस्थेने डिस्कला वेगळ्या प्रकारची जोडणी दिली होती, त्यामुळे खोट्या कॉम्प्युटरमधल्या विंडोजला स्वतःची डिस्कच ओळखू येत नव्हती. जोडणी जुन्या प्रकारची निवडली आणि मशीन उठलं.

“आली बघा यादी,” मी म्हणालो.

अक्कांनी चहा बाजूला ठेवला आणि शेवटची नोंद उघडली.

“तम्मा, हे काय? ही उद्घाटनाच्या दिवशीची नोंद हाय. त्याच्या फुडचं काय न्हाईच. दोन वर्षं मी काय झोपलोतो काय हितं?”

मी तारीख पाहिली. मग जुन्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर पुन्हा उघडलं. मोठ्या फाईलशेजारी त्याच नावाची, पुढे पाच शून्यं आणि एक असं शेपूट लावलेली दुसरी फाईल होती. सकाळी मला ती कचरा वाटली होती. आता उद्घाटनाचा दिवस आठवला.

त्या दिवशी माऊस ग्रंथालयाच्या अध्यक्षांच्या हातात होता. त्यांना पडद्यावर ‘स्नॅपशॉट’ असं बटण दिसलं.

“हे फोटोचं काय?”

“साहेब, तो तसला फोटो नव्हे. मशीनची त्या क्षणाची...”

“अहो, निघतोय तर निघू दे की! कार्यक्रमाचा हाय.”

त्यांनी बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत थोडा वेळ हसरे उभे राहिले.

स्नॅपशॉट घेतला की मशीन मूळ फाईल मिटून ठेवतं आणि पुढचं सगळं दुसऱ्या फाईलीत लिहायला लागतं. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की पुरवणी घेतात, तसं. अध्यक्षांनी उत्तरपत्रिकेत भरपूर जागा असताना पुरवणी मागितली होती. अक्कांची दोन वर्षं त्या पुरवणीत होती आणि मी नुसती उत्तरपत्रिका उचलून आणली होती.

हे मी अक्कांना सांगितलं. आधी माझी चूक सांगितली, कारण समोर मी होतो.

“मग पुरवणी जोड की.”

“जोडतो. फक्त बटणावर वेगळं लिहिलंय.”

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “डिलीट?”

“व्हय. स्नॅपशॉट डिलीट केला की पुरवणी मूळ फाईलीत मिसळते.”

“जोडायच्या बटणाला डिलीट म्हणत्यात?”

“म्हणतात.”

“असल्या माणसास्नी कामाला कोण ठेवतंय?”

मग त्यांनी मला आधी दोन्ही फाईलींची वेगळ्या डिस्कवर नक्कल करायला लावली. हे मला सुचायला हवं होतं. नक्कल होईपर्यंत दुपार झाली. डिलीट मी दाबलं. अक्कांनी तोंड फिरवलं होतं. प्रगती दाखवणारी पट्टी पंच्याण्णव टक्क्यांवर आली आणि तिथेच बसून राहिली. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

“उद्या मी कुठलं बटण दाबायचं?”

“साहेब, या वेळी फीत कापा.”

चारच्या सुमाराला पट्टी पुढे सरकली. एकच फाईल उरली. ती पुन्हा नव्या कॉम्प्युटरवर आणली, जोडणी जुन्या प्रकारची निवडली. अक्कांनी शेवटची नोंद उघडली. कालचीच होती. शेरा: ‘मुखपृष्ठ नाही. पुस्तक बरं आहे.’

मी पिशवी आवरायला लागलो.

“जुनं मशीन उद्या द्यायचं न्हाई,” अक्का म्हणाल्या.

“आलंय की सगळं, अक्का.”

“सकाळी बी असंच म्हणालतास.”

“पत्रिकेत छापलंय.”

“छापू दे. मी एकेक नोंद पुस्तकाला लावून बघणार. तवर ते हितनं हलणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी कॉम्प्युटरच्या खोलीची फीत कापली. अक्का फितीच्या आतच होत्या, पहिली चळत घेऊन. त्यांनी मान वर केली नाही. मग अध्यक्ष सभागृहात एका क्षणात झालेल्या स्थलांतरावर पंचवीस मिनिटं बोलले आणि रंगीत कागदात गुंडाळलेलं खोकं शाळेच्या मुख्याध्यापकांना प्रदान केलं. मुख्याध्यापकांनी गुडघे जरा वाकवून दोन्ही हात लावले. खोकं पिसासारखं वर आलं. ते अनुभवी गृहस्थ होते. जड असल्यासारखं धरून ते फोटोसाठी उभे राहिले.

अक्का महिनाअखेरीस निवृत्त झाल्या आणि त्यानंतर आणखी आठ दिवस रोज अकराला येत राहिल्या. शेवटची चळत यादीशी लावून झाली त्या दुपारी त्यांनी रिक्षा बोलावली आणि जुना कॉम्प्युटर मांडीवर घेऊन शाळेत पोचवला.