गेटवरच्या टीव्हीवर डीबग

देवळीजवळच्या एका जिनिंग कारखान्यासाठी मी कापसाच्या गाड्यांच्या गेटपासचं वेब ॲप बनवलं होतं. माझं स्वतःचं पहिलंच काम. एका सकाळी मालकांचा फोन आला. "पोरी, ट्रॉल्या अडकून राह्यल्या. दुपारपर्यंत पास नाई निघाला तं तुह्यं ॲप बंद, आपलं पावतीबुक चालू."

मी धावत जाऊन वजनकाट्याजवळच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. पडद्यावर नुसतंच ‘पास देता येत नाही’. का, ते पाहायचं तर पानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डीबग’ जोडायचं, मग आतली खबर लाल अक्षरांत दिसते. पण पुढच्या पानावर गेलं की ते गायब! शेतकऱ्याचं नाव शोधा, जोडा. गाडी निवडा, पुन्हा जोडा. वजनाच्या पानावर पोचेस्तोवर एकदा तरी विसरायचंच, की पुन्हा पहिल्यापासून. त्यात बाहेर हॉर्नची बोंब, आणि काट्यावरच्या ताई सारख्या डोकावून विचारायच्या, "झालं का?" अहो, झालं असतं तर मी इथे बसले असते का?

शेवटी वैतागून मी डीबग थेट सर्व्हरवरच चालू केला. मरू दे! आता कुठल्याही पानावर जा, सुटणार नाही. सुटला नाहीच. गेटवरच्या मोठ्या टीव्हीवर शेतकरी आपला नंबर पाहतात, तिथेही तो झळकला.

बाहेर हशा पिकला. जाऊन पाहते तर पास अडण्याचं कारण म्हणून ॲप बनवताना चिडून, माझ्यापुरती लिहिलेली ओळ टीव्हीवर लालभडक: ‘मालक आयकतच नाई. एका नावावर दिवसाचा एकच पास म्हणे. दुसरी ट्रॉली आली का बोंबला.’ रांगेतला पहिला ट्रॅक्टरवाला ती मोठ्यानं वाचून दाखवत होता. त्याची ती दुसरी ट्रॉली होती.

मालक टीव्हीखालीच उभे होते. गेलं काम!

"हे तू लिहिलं?"

"हो."

"हा नियम काढला तं पास निघते?"

"लगेच निघते."

"मंग एवढं माहीत होतं, तं तवाच माह्यासंग भांडली काऊन नाई? मशीनले सांगत बसली!"

माझंही डोकं फिरलेलंच होतं. म्हटलं, "तवा भांडली असती, तं काम दिलं असतं का मले?"

टीव्हीकडेच पाहत ते म्हणाले, "काढ तो नियम, पास दे."