दस्ती टाकून धरलेली जागा

आमच्या बाबांना तेलुगू सिनेमाचं भारी वेड. मराठवाड्यातल्या खेड्यातून सिकंदराबादला रेल्वेच्या नोकरीत आले, तेव्हा त्यांना तेलुगूचं ओ की ठो कळत नव्हतं. जी काय शिकले ती हाणामारीच्या सिनेमांतूनच. तेव्हाच्या टॉकीजात खुर्च्यांना नंबर नसायचे. दार उघडलं की बाबा मुसंडी मारून आत घुसायचे आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर खिशातली दस्ती टाकायचे. आमच्याकडे रुमालाला दस्तीच म्हणतात. ती पडली की जागा माझी. मग कुणी कितीही हुज्जत घालो, बाबा ऐकायचे नाहीत. मी मागून रमतगमत जायची.

आता बाबा माणसं विसरत चाललेत. आई गेली हे विसरले, ते एका परीनं बरंच झालं. पण गेल्या दिवाळीपासून मलाही ओळखेनात. पोटची मुलगी मी, रोज अंघोळ घालते, घास भरवते, आणि मलाच विचारतात, तुमचं गाव कोणतं? राग येतो हो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

तशात शेजारणीनं एका नव्या सिनेमाचं सांगितलं. हीरोची स्मृती जाते, आपण कोण हेच त्याला ठाऊक नसतं, आणि गुंडांशी मारामारी करता करता सगळं परत येतं म्हणे. डॉक्टरांना मी विचारलंच नाही, ते हसले असते. मला बाबांच्या तोंडून फक्त एकदा माझं नाव ऐकायचं होतं.

कुकटपल्लीच्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाला गेलो. तिकिटांवर नंबर छापलेले होते. तरी दार उघडल्याबरोबर बाबा माझा हात सोडून तरातरा पुढे गेले, एक खुर्ची धरली आणि शेजारच्या खुर्चीवर दस्ती टाकली. आठवलं की काय यांना! मी जाऊन बसणार, तोच त्यांनी हात आडवा घातला.

"बाई, इथं नका बसू. माझी मुलगी येतेय मागून."

पलीकडची खुर्ची नशिबानं रिकामी होती, तिथं बसले. इंटरव्हलला बाहेर जाऊन मुद्दाम दारातून परत आले, लगबगीनं, लहानपणी यायची तशी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं.

शेवटी हीरोच्या डोक्यात लोखंडी कांब बसली आणि त्याला लख्ख आठवलं सगळं. पोरं शिट्ट्या मारत उठली. कप्पाळ माझं! असं डोक्यात घालून आठवत असतं, तर मीच नसती का घातली? मला रडू कोसळलं. बाबांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं, ते दाराकडे बघत होते.

दिवे लागले, लोक पांगले, झाडूवाला आला, तरी बाबा उठेनात. मी हळूच म्हटलं, चला, संपलं. तेव्हा त्यांनी दस्ती उचलली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"ती आली तर सांगा तिला, मी जागा धरली होती."

सांगते म्हटलं, आणि त्यांना धरून पायऱ्या उतरवल्या.