फाटरमधला व्ही

जर्मनीला जायचं खूळ मुळात ताईचं. दोघी बहिणी एकाच हॉस्पिटलात नर्स. ताई ऑपरेशन थिएटरात, धाकटी लहान मुलांच्या वॉर्डात. "एकटीला कंटाळा येतो, तू नुसती सोबतीला चल," म्हणत ताईने तिला जर्मनच्या क्लासला ओढून नेलं. धाकटीचं लग्न चष्म्याच्या दुकानवाल्याशी ठरलेलं. तिला परदेशाशी काही घेणंदेणं नव्हतं.

बोलण्यात ताई वाघीण. पण ऐकून लिहायची वेळ आली की गाडी अडलीच. बाई म्हणायच्या 'फाटर', म्हणजे वडील. ताई एफ लिहून मोकळी. तिथे हवा व्ही. 'वासर' म्हणजे पाणी. ताईचा व्ही तयार, तर तिथे डब्ल्यू!

"अहो बाई, ही कुठली तऱ्हा?"

"जर्मन सरळच आहे हो," बाई हसल्या. "तुमच्या डोक्यातलं इंग्रजी मधे लुडबुडतंय."

धाकटीला मात्र सगळं चटकन जमलं. पोळ्या लाटता लाटता ती शब्द सांगायची, ताई ओट्याशी बसून लिहायची. 'त्सिमर'ला, म्हणजे खोलीला, ताईने टी आणि एस जोडले आणि निघाला एकटा झेड, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

परीक्षेला धाकटीचं नाव ताईनेच घातलं. निकाल लागला. धाकटी पास, ताई लेखनात नापास.

"मला नाही जायचं गं. तो थांबणार नाही."

"वेडी आहेस का? न थांबायला काय झालं? आणि मी येतेच की मागून."

आपलं हुकलं, निदान घरातलं एक तरी जावं, एवढंच ताईच्या डोक्यात होतं. धाकटी रडत रडत गेली. चष्म्याच्या दुकानवाला वर्षभरही थांबला नाही. ताई पुन्हा परीक्षेला बसली, पुन्हा लेखनानेच घात केला. मग आई अंथरुणाला खिळली आणि क्लास सुटला तो सुटलाच.

आता धाकटीचा फोन रविवारी येतो. साध्या मराठी शब्दालाही ती अडखळते. परवा ताईने मन घट्ट करून विचारलं, "परत येतेस का गं?"



"आता येऊन काय करू, ताई? कामावरून आलं की कुलूप आपणच उघडायचं, याचीसुद्धा सवय झालीय."

मीच तुला ढकललं, हे ताईच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात आईने आतून विचारलं, "कोण गं?"

"धाकटी," म्हणत ताईने फोन आईच्या कानाला लावला आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.